रिसेंट ॲडव्हान्सेस, पण कोणत्या पुलासाठी?

पेट झाली, मुलाखतीची तारीख लागली आणि आता सिनॉप्सिस लिहायचा आहे. स्ट्रक्चरलकडे जाणारे बरेच जण या टप्प्यावर एकच विषय घेऊन येतात: पूल आणि भूकंपरोधक बांधकामातली अलीकडची प्रगती. सर्च केलं की याच नावाचे रिव्ह्यू पेपर ढिगाने सापडतात. त्यांचा साचा ठरलेला असतो. आधी भूकंपाने किती हानी होते यावर एक परिच्छेद. मग बेस आयसोलेशन, डॅम्पर, आकार लक्षात ठेवणारे मिश्रधातू, डोलणारे खांब, सेन्सर, मशीन लर्निंग अशा एकेक पाट्या. प्रत्येक पाटीखाली पेपरांची रांग. शेवटी ‘अजून संशोधनाची गरज आहे’. तुम्ही ते वाचता, एक गॅप सापडल्यासारखी वाटते आणि सिनॉप्सिस तयार होतो.

आज मला कुठला एक पेपर समजावून सांगायचा नाही. या जातीच्या लेखनावरच टीका करायची आहे, कारण तुमची पुढची चार-पाच वर्षं त्यावर उभी राहणार आहेत. माझा आक्षेप थोडक्यात असा: हे लेख तंत्रांची यादी देतात, पण कोणता पूल कसा पडला म्हणून ते तंत्र पुढे आलं, हे सांगत नाहीत. वाचणाऱ्याला औषधांचं दुकान दिसतं, रोगी दिसतच नाही. आणि आपण नाशिकमध्ये बसून काम करणार असू, तर आपला रोगी कोण हे आधी कळायला हवं.

पडलेल्या पुलापासून वाचायला सुरुवात करा

१७ जानेवारी १९९५ ला जपानमधल्या कोबेच्या भूकंपात हानशिन एक्स्प्रेसवेचा फुकाए इथला सुमारे ६३५ मीटर लांबीचा उन्नत मार्ग एका कुशीवर आडवा झाला. तो फोटो तुम्ही पाठ्यपुस्तकात पाहिला असेल. खांब १९६० च्या दशकातल्या नियमांनी केलेले होते. त्यातल्या काही उभ्या सळया मधेच थांबवलेल्या होत्या आणि आडव्या रिंगा विरळ होत्या. काँक्रीट फुटायला लागल्यावर त्याला आवळून धरणारं काही उरलं नाही. आज आपण खांबाच्या तळाशी रिंगा जवळजवळ बांधतो, सळयांचे जोड त्या भागात टाळतो, आणि ‘नुकसान व्हायचंच असेल तर ते इथेच आणि या पद्धतीने होऊ दे’ असं ठरवून डिझाइन करतो. याला कपॅसिटी डिझाइन म्हणतात. न्यूझीलंडमध्ये पार्क आणि पॉले यांनी १९७० च्या दशकात हा विचार मांडला होता. कोबेने तो जगाच्या गळी उतरवला.

आता दुसरा पूल बघा. १७ ऑक्टोबर १९८९ ला कॅलिफोर्नियात लोमा प्रिएटाचा भूकंप झाला. केंद्र जवळजवळ १०० किलोमीटर दूर होतं. तरीही सॅन फ्रान्सिस्को–ओकलंड बे ब्रिजच्या वरच्या मजल्याचा सुमारे १५ मीटरचा एक तुकडा खालच्या मजल्यावर कोसळला. तिथे खांब मोडला नाही, गर्डरही मोडला नाही. बोल्ट तुटले, पूल सरकला आणि तुकडा ज्या काही इंचांच्या आधारावर टेकला होता, तो आधार संपला. बस्स, एवढंच.

या पडझडीनंतर पुलाचा पूर्वेकडचा सगळा भाग नव्याने बांधला गेला आणि तो सप्टेंबर २०१३ मध्ये खुला झाला. त्या मनोऱ्यात चार पाय आहेत आणि त्यांना जोडणारे पोलादी दुवे भूकंपात मुद्दाम वाकून ऊर्जा खाणारे आहेत. ‘रिसेंट ॲडव्हान्सेस’च्या प्रत्येक यादीत शोभेल अशी रचना. पण उद्घाटनाच्या काही महिने आधी, मार्च २०१३ मध्ये, अटकाव-साधनं धरून ठेवणाऱ्या ९६ पोलादी दांड्यांपैकी ३२ दांड्या ताण दिल्यावर तुटल्या. पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ झालं होतं. म्हणजे जुना पूल काही इंचांच्या आधारापायी गेला आणि नव्याला दांड्यांनी घाम फोडला. तंत्र कितीही नवं असो, भार शेवटी बेअरिंग, बोल्ट आणि टेकणीतूनच खाली जातो. रिव्ह्यू पेपरमध्ये याच तीन गोष्टींना सगळ्यात कमी जागा मिळते.

‘अलीकडची’ म्हणजे किती अलीकडची?

शिसं-रबर बेअरिंगचं उदाहरण घ्या. रबर आणि पोलादाच्या पातळ थरांची चळत, मधोमध शिशाचा गाभा. गर्डर आणि खांब यांच्यामध्ये ते बसवलं की पुलाचा डोलण्याचा आवर्तकाल लांबतो, खांबावर येणारं बल कमी होतं आणि शिसं ऊर्जा खातं. न्यूझीलंडच्या बिल रॉबिन्सन यांनी हे १९७० च्या दशकात शोधलं. २००१ च्या भूकंपानंतर भूजचं रुग्णालय अशाच बेअरिंगवर पुन्हा उभं राहिलं. काम चोख करणारं तंत्र आहे, त्याबद्दल वाद नाही.

डोलणाऱ्या खांबांचंही तसंच. खांबाला तळाशी घट्ट न बांधता, थोडा उचलून पुन्हा जागेवर बसू द्यायचा, म्हणजे भूकंपानंतर पूल सरळ उभा राहतो. हे आजच्या पेपरांमध्ये नवं म्हणून येतं. न्यूझीलंडमधला साउथ रांगिटिकेई रेल्वे पूल १९८१ पासून याच तत्त्वावर उभा आहे. सिएटलमध्ये एका उताराच्या खांबांत निकेल-टायटॅनियमच्या, वाकवल्यावर मूळ आकाराला परतणाऱ्या सळया घातल्या गेल्या. ते मात्र खरोखर अलीकडचं.

मग ४५ वर्षांचं तंत्र ‘रिसेंट’ कसं? कारण ते सर्रास वापरात आलं नाही. का आलं नाही, हा प्रश्न मात्र यादी विचारत नाही. किंमत? देखभाल? कंत्राटात बसत नाही? की ज्या भागात पूल बांधायचा तिथे भूकंपाचं बल आधीच इतकं कमी की ब्रेकिंगचा भार, वारा किंवा पुराचं पाणीच डिझाइन ठरवतं? शेवटचं कारण आपल्याला लागू पडण्याची शक्यता बरीच आहे. तुमचा सिनॉप्सिस तपासणारे कुणीतरी जाणकार हा प्रश्न विचारणारच, तेव्हा तो आपण आधी विचारलेला बरा.

आणि सगळी प्रगती यंत्रात नसते. नायजेल प्रीस्टली यांनी १९९३ मध्ये आणि पुन्हा २००३ मध्ये भूकंप-अभियांत्रिकीतल्या मिथकांवर आणि चुकीच्या समजुतींवर लेखन केलं. त्यांचा एक मुद्दा साधा होता. आपण आधी खांबाची ताठरता गृहीत धरतो, त्यावरून आवर्तकाल काढतो, त्यावरून बल, आणि मग बलाप्रमाणे सळया घालतो. पण सळया बदलल्या की ताठरताही बदलते! ज्यावरून सुरुवात केली तीच गोष्ट शेवटी ठरते. यातून विस्थापनावर आधारित डिझाइनची पद्धत बळकट झाली. ना नवं साहित्य, ना उपकरण. सगळे जे गृहीत धरत होते, त्याच्याकडे कुणीतरी बोट दाखवलं इतकंच. पीएचडीला जाणाऱ्याने टीका कशी करावी याचा हा वस्तुपाठ आहे, मूळ लेख मिळवून वाचाच.

आपल्या घरचे दोन धडे

गृहीतक कसं महागात पडतं हे बघायला परदेशात जायची गरज नाही. कोयनेचं धरण, १०३ मीटर उंच. भूकंपासाठी त्या काळच्या रीतीने ०.०५ हा गुणांक घेतला होता, म्हणजे वजनाच्या ५ टक्के आडवं बल, पायापासून माथ्यापर्यंत सारखं. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात धरणावरच्या यंत्राने नोंदवलेलं सर्वोच्च त्वरण गुरुत्वत्वरणाच्या निम्म्याच्या घरात होतं. धरण टिकलं, पण उंच ब्लॉकना दोन्ही अंगांनी आडव्या भेगा गेल्या. कुठे? खालच्या बाजूचा उतार जिथे एकदम बदलतो, त्या पातळीला. अनिल चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्याने नंतर गतिमान विश्लेषण केलं तेव्हा नेमका तिथेच ताण साचताना दिसला. ‘सगळीकडे सारखं बल’ या गृहीतकाला तो कधी दिसलाच नसता, कारण खरं धरण माथ्याकडे जास्त हेलकावतं.

गंमत बघा, कोयनेची तीच नोंद आज जगभर सॉफ्टवेअर तपासायला वापरतात. काँक्रीटला भेग कशी जाते याचं नवं मॉडेल आलं की पहिली परीक्षा कोयना. आपल्या जमिनीने दिलेला डेटा आहे हा. आणि आपल्याकडचे कितीतरी प्रबंध अजून १९४० च्या एल सेंट्रोची नोंद लावून मोकळे होतात.

दुसरा धडा किल्लारीचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जे गाव उद्ध्वस्त झालं ते तेव्हाच्या नकाशावर झोन १ मध्ये होतं, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात. २००२ च्या आवृत्तीत झोन १ हा प्रकारच काढून टाकला. शिवाय मुख्य धक्क्याची जवळून घेतलेली तीव्र कंपनाची नोंद आपल्याकडे नाही. म्हणजे दख्खनच्या पठारावर, उथळ केंद्राच्या भूकंपात, पुलाखालची जमीन कशी हलते हे सांगणारा डेटा फार तुटपुंजा आहे. जेव्हा एखादा पेपर ‘भारतीय पुलांसाठी फ्रॅजिलिटी कर्व्ह’ देतो, म्हणजे अमुक इतक्या हादऱ्याला अमुक नुकसानाची शक्यता किती हे सांगणारी वक्ररेषा, तेव्हा आधी त्यातलं नोंदींचं कोष्टक उघडा. नोंदी कॅलिफोर्निया आणि तैवानच्या असतील तर ती वक्ररेषा भारतीय पुलाची आहे, भारतीय भूकंपाची नाही.

मशीन लर्निंगचे पेपर याच कसोटीला लावा. ‘९८ टक्के अचूक’ वाचून हुरळून जायचं नाही. मॉडेलला शिकवायला डेटा कुठून आला? बहुतेक वेळा संगणकावर हजारो काल्पनिक पूल हलवून. मग मॉडेलने पूल ओळखला नाही, त्या सॉफ्टवेअरची सवय ओळखली. उपयोग आहे त्याचा, हिशोब झटपट होतो. पण ‘पूल पडेल का’ या प्रश्नाचं उत्तर मूळ सॉफ्टवेअरच्या गृहीतकाइतकंच भरवशाचं राहतं.

नाशिकचा हिशोब करून बघू

आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत नाशिक झोन ३ मध्ये आहे, झोन गुणांक ०.१६. डिझाइनसाठी त्याचा निम्मा घेतात, ०.०८. आखूड आवर्तकालाच्या खांबाला स्पेक्ट्रमचा आकडा २.५. गुणाकार ०.२०. म्हणजे खांबाच्या डोक्यावर १००० टन वजन असेल तर आडवं बल २०० टन. पण आपण ते सगळं घेत नाही. रिंगा नीट बांधलेल्या असतील म्हणून प्रतिसाद-घट गुणांकाने भागतो. तो समजा ३ धरला, तर बल राहिलं ६७ टन.

आता स्वतःला विचारा, उरलेले १३३ टन कुठे गेले? कुठेच नाही. खांब ६७ टनांच्या आसपास नमायला लागेल, आणि बल वाढायच्या ऐवजी तो सरकत राहील. बल तिप्पट कमी धरलं म्हणून सरकणं तिप्पट कमी होत नाही. ते साधारण पूर्ण बलाला झालं असतं तेवढंच होतं. ताठ, आखूड खांबांत तर त्याहूनही जास्त. समजा ६७ टनांच्या हिशोबात माथा २० मिलिमीटर सरकला, तर खरं सरकणं किमान ६० च्या घरात. आणि तो निम्मा घेतलेला ०.०८ आठवतोय ना? मोठा भूकंप आला तर पुन्हा दुप्पट, १२० मिलिमीटर.

म्हणून पिअर कॅपवर गर्डर किती इंच आत टेकला आहे, हा प्रश्न इतका मोलाचा. कोडमध्ये या रुंदीचं सूत्र असतं: गाळा जितका लांब, खांब जितका उंच, तितकी टेकणी जास्त. नव्या पुलांना आयआरसी:एसपी:११४-२०१८ सारखी मार्गदर्शिका आहे आणि त्यात बेअरिंगपासून आयसोलेशनपर्यंत बरंच नीट मांडलेलं आहे. माझी तक्रार त्या मार्गदर्शिकेशी नाही, तिच्या आधी बांधलेल्या पुलांबद्दल आपण बाळगलेल्या मौनाशी आहे. शिवाय आयआरसी:६ मध्ये अशी तरतूद आलेली आहे की झोन २ आणि ३ मध्ये एकूण लांबी ६० मीटरपर्यंत आणि गाळे १५ मीटरपर्यंत असतील तर भूकंपासाठी तपासणी नको. नासर्डी किंवा वाघाडीसारख्या प्रवाहांवरचे पूल मनात आणा, म्हणजे ही सूट केवढी व्यापक आहे ते कळेल. सूट चुकीची आहे असं मी म्हणत नाही, लहान पुलाला बल कमीच येतं. पण ती बलाकडे बघून दिलेली सूट आहे. सरकण्याकडे बघून ती टिकते का? हा तपासण्यासारखा प्रश्न आहे, आणि त्यासाठी कुठलंही महागडं उपकरण लागत नाही.

८० टक्के: एका चांगल्या पेपरचं वाचन

आपले पूल मुळात कशाने पडतात? यावर गर्ग, चंद्रा आणि कुमार यांचा अभ्यास प्रत्येकाने वाचावा. १९७७ ते २०१७ या काळात भारतात निकामी झालेल्या २१३० पुलांचं त्यांनी विश्लेषण केलं. मोऱ्या आणि पादचारी पूल सोडून. ८०.३ टक्के नैसर्गिक आपत्तीने, १०.१ टक्के साहित्याच्या झिजेने, ३.२८ टक्के जादा भाराने. निकामी होतानाचं सरासरी वय ३४.५ वर्षं. इतक्या पुलांची माहिती एका जागी आणणं हेच मोठं काम आहे. पण हे आकडे सिनॉप्सिसमध्ये उचलताना दोनदा थांबा.

पहिलं थांबणं वयापाशी. ३४.५ हे पुलाचं आयुर्मान नव्हे. ते फक्त पडलेल्यांचं सरासरी वय आहे, उभे असलेले हिशोबातच नाहीत. शाळेतून मधेच गळालेल्या मुलांची सरासरी इयत्ता काढून ‘मुलं सरासरी सातवीपर्यंत शिकतात’ म्हणण्यासारखं होईल ते. नाशिकचा जुना व्हिक्टोरिया पूल, आजचा अहिल्याबाई होळकर पूल, शंभरी ओलांडून गोदेवर उभा आहे. तो या सरासरीत कुठेच येत नाही.

दुसरं थांबणं ‘नैसर्गिक आपत्ती’ या खान्यापाशी. एका पुरात एका नदीवरचे वीस पूल पाण्याखाली जातात आणि एक वाहून जातो. त्या एकाच्या नावापुढे कारण काय लिहायचं? पूर? पूर तर वीसही पुलांना आला. त्या एकाचा पाया उथळ असेल, गाळे अरुंद असतील, पायाजवळची तपासणी झाली नसेल. वर्गीकरणात एकच खाना भरता येतो, आणि निसर्गाचा खाना भरणं सगळ्यात सोपं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ चा दगडी कमानींचा पूल पुरात वाहून गेला आणि त्याच्याबरोबर दोन एसटी बस. त्याच आठवड्यात गोदेलाही मोठा पूर होता. सावित्रीचा पूल पडला त्याचं कारण ‘पूर’ एवढंच लिहिलं, तर पुढच्या संशोधकाला करायला काही उरतच नाही. पाऊस थोडाच थांबवता येतो!

तरी त्या आकड्यांचा एक अर्थ पक्का आहे. आपल्याकडे पूल पाडण्यात पाण्याचा हात फार मोठा आहे. मग भूकंपाचा अभ्यास सोडून द्यायचा का? अजिबात नाही. दोन्ही एकत्र बघायचे.

गोदेवरचा पूल काय विचारतो

पुराने खांबाच्या पायाभोवतीची माती वाहून जाते, त्याला स्कावर म्हणतात. आता विचार करा, माती गेली की खांबाची मोकळी उंची वाढली. खांब लवचीक झाला, आवर्तकाल लांबला आणि भूकंपाचं बल कमी झालं! फक्त बल बघणारा म्हणेल, उत्तमच की. पण सरकणं वाढलं. म्हणजे पुराने आधी पाया उघडा केला आणि नंतर मध्यम भूकंप आला, तर खांब मोडण्याआधी गर्डर टेकणीवरून उतरण्याची भीती जास्त. शिवाय नुकसानीची जागा खाली सरकते, जिथे भूकंपानंतर तपासणाऱ्याला ती दिसणारच नाही. पूर आणि भूकंप या जोडीवर जगात बरंच लिहिलं गेलंय आणि हा ‘अलीकडच्या प्रगती’तला खरोखर आपल्या कामाचा भाग आहे.

पण इथेही आंधळेपणाने उचलू नका. त्या लेखनात गृहीत धरलेली नदी बहुतेक वेळा वाळू-गाळाची आणि पाया खोल पाइलचा असतो. आपली गोदा नाशिकमध्ये पुष्कळ ठिकाणी उघड्या बेसॉल्टवरून वाहते. पाया खडकात नीट रुतवलेला असेल तर ती स्कावरची सूत्रं जशीच्या तशी लागू होणार नाहीत. खडकाच्या सांधी, झिजलेला मुरूम, जुन्या बांधकामाचे निसटलेले सांधे यांचा प्रश्न वेगळा आहे. आणि दगडी कमानीला ना रिंगा, ना सळया. तिथे ‘नमून सरकत राहील’ हे गणितच चालत नाही, बल भागायला गुणांकच नाही. आडव्या हादऱ्यात कमानीवरच्या बाजूच्या भिंती बाहेर फुगतात का, आतली भर ढिली होते का, हे तपासावं लागतं. यावर इटलीत बरंच काम झालंय. इटलीचा दगड आणि चुना वेगळा, आपला काळा बेसॉल्ट वेगळा. म्हणजे इथे खरी गॅप आहे. ती रिव्ह्यू पेपरच्या शेवटच्या परिच्छेदातून हाती लागली नाही, नदीकाठी उभं राहिल्यावर लागली.

आणि डेटा नाही म्हणून रडायचं कारण नाही. दिंडोरी रोडवरची मेरी १९५९ पासून आहे, राज्यातल्या धरणांभोवतीच्या भूकंपमापनाचं काम तिथून चालतं. शेजारच्या पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका चालली, तीही पश्चिम महाराष्ट्राची जमीन कशी हलते याची नोंदच आहे. पुराची उंची तर नाशिककर पिढ्यान् पिढ्या दुतोंड्या मारुतीवर मोजत आलेत. पाणी पायाशी, कमरेला, छातीला, गळ्याला. त्या पातळ्यांना वर्षं आणि विसर्गाचे आकडे जोडले, तर जुन्या पुलांच्या पायावर किती वेळा काय गुदरलं याचा अंदाज बांधता येईल. सिंहस्थ तोंडावर आहे. त्या काळात या पुलांवर किती माणसं एकाच वेळी असतात ते सांगायला नको. तो भारही हिशोबात धरायला हवा.

सिनॉप्सिस लिहिण्याआधी

‘रिसेंट ॲडव्हान्सेस’ छापाचा पुढचा पेपर हातात घ्याल तेव्हा वहीत चार रकाने आखा. पहिला: हे तंत्र कोणत्या पडझडीवरचं उत्तर आहे? दुसरा: कोणत्या प्रकारच्या पुलावर आणि कोणत्या जमिनीवर तपासलं? तिसरा: हादऱ्याच्या नोंदी कुठल्या? चौथा: कोणतं गृहीतक खोटं ठरलं तर निष्कर्ष कोसळेल? चारही रकाने भरता येत नसतील तर तो पेपर यादीत ठेवा, पायात नको. माझ्या मते निम्मं लिटरेचर रिव्ह्यू इथेच गळतं, आणि उरलेलं वाचायला वेळ मिळतो.

कुणी म्हणेल, अशाने लहान, स्थानिक, साधे विषयच हातात राहतील, मोठ्या जर्नलमध्ये कोण छापणार? आक्षेप खोटा नाही. नवं साहित्य, नवा अल्गोरिदम यांना दार लवकर उघडतं. पण व्हायवाला बाहेरचे परीक्षक समोर बसतात तेव्हा ‘हे तुम्ही का केलं?’ हा पहिला प्रश्न असतो. ‘यावर पेपर कमी होते’ हे उत्तर तिथे टिकत नाही. ‘असा पूल असा पडू शकतो, आणि तो पडेल की नाही हे आज कुणालाच सांगता येत नाही’ हे उत्तर टिकतं.

सुरुवात अगदी साधी करता येते. द्वारकेच्या उड्डाणपुलाखालून किंवा गावाकडच्या एखाद्या जुन्या पुलाच्या काठावरून, सुरक्षित जागी उभं राहून, वर पिअर कॅपकडे बघा. बेअरिंग दिसतंय का? कशाचं आहे, रबराचं की पोलादाचं? गर्डर बाजूला सरकू नये म्हणून दोन्हीकडे अटकाव आहे का? कडेपासून गर्डर किती आत आहे, हाताच्या वितीने अंदाज करा. सांध्यातून पाणी गळून डाग पडलेत का? एका पानावर हे लिहून काढा आणि मग सिनॉप्सिस उघडा. कमेंटमध्ये पुलाचं नाव आणि तुमची निरीक्षणं टाकलीत तर पुढच्या लेखात त्यातल्या एकाचा हिशोब आपण मिळून करू.